जवळचा

राजारामपुरीतल्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
पोरीनं प्लास्टिक चढवलेला कागद पुढं सरकवला.
तीन रकाने, तीन किमती,
खाली दात दाखवून हसणारं एक म्हातारं जोडपं.

"मामा, सगळे लांबचंच घेतात.
रस्ता दिसतो, टीव्ही दिसतो, माणूस ओळखू येतं.
वाचायला तेवढा चष्मा."
मी विचारलं, आणि हात?
ती म्हणाली, हात काय?

हात म्हणजे हे.
बाराव्या वर्षापासून गुजरीत, जिन्याखालच्या पाटावर,
नाकापासून वीतभर.
बेलपान, कासव, भुंगा, कारलं.
पत्रा असा की श्वास लागला तर हलतो,
त्याच्या पोटात लाख,
आणि डाखाची जागा मोहरीएवढी.
लांबचं मला आजवर लागलंय कशाला?
अंबाबाईचं शिखर पाटावरनं दिसत नाही,
घंटा ऐकू येते,
त्यावर जेवणाची वेळ कळते.

वृषालीचा इचलकरंजीहून फोन :
बाबा, सगळ्या अंतरांचं घ्या, पैशाचं मी बघते.
डॉक्टर म्हणाले, चांगलंच आहे ते,
फक्त रात्री दिव्याभोवती कडी दिसतात कुणाकुणाला.
मी फुंकणीनं ज्योत वाकवणारा माणूस.
ज्योतीलाच कडं आलं
तर डाख कधी धावला ते कळायचं कसं?
बायको म्हणाली,
सोनाराला फुकटची कडी मिळायलीत, घ्या की.
बाकड्यावरचे चौघे हसले,
त्यातल्या एकाच्या डोळ्यावर पट्टी होती.

डावा अजून शाबूत. त्याला लांबचं दिसतं.
डॉक्टरांनी कागदाच्या मागं दोन डोळे काढले,
एकातून लांब रेघ, एकातून आखूड.
म्हणाले, डाव्यानं रस्ता, उजव्यानं काम.
महिनाभर डोकं धरेल, मग जुळेल.
नाही जुळलं तर?
तर चष्मा आहेच.

मी आखूड रेघेवर बोट ठेवलं.
पोरीनं रकान्याबाहेर पेनानं लिहिलं "जवळचा",
छापील कागदात तो नव्हताच.

रंगाचं कुणी काही बोललं नाही.
मीही विचारलं नाही.

पट्टी काढली त्या सकाळी
डावा म्हणाला, भिंत सायीची आहे.
उजवा म्हणाला, चुन्याची.
घरी आलो. ज्योतीपुढं बसायचं नाही, डोक्यावरनं पाणी नाही,
सगळी ताकीद खिशात होती.
तरी कपाटातनं कसाचा दगड काढला.
त्यावर एक जुनी रेघ, बावीसची.
उजवा झाकला : हळदीत बुडवून काढलेली.
डावा झाकला : फिकी, किंचित हिरवट, उघडी.
पुन्हा उजवा. पुन्हा डावा.
बायको दारात उभी राहून म्हणाली,
काय डोळे मारायलाय दगडाला?

मला कागलच्या शेवंताबाई मगदूम आठवल्या.
दिवाळीआधी साज डाखून नेला,
दुसऱ्या दिवशी परत हजर.
चंद्राच्या बुडाला पांढरं दिसतंय, म्हणाल्या.
मी भिंग लावून बघितलं. जोड स्वच्छ होता, पिवळाधमक.
म्हटलं, बाई, आधी डोळे तपासून घ्या.
दुकानात चार गिऱ्हाईकं होती.
त्यांनी साज रुमालात बांधला,
रुमाल पिशवीत घातला,
आणि एसटीला गेल्या.

किती वर्षं बघत होतो मी हळदीतनं?
आणि आणखी कोण कोण
काही न बोलता एसटीला गेलं असेल?

चोपडीत नंबर होता.
उजव्यानं वाचला, भिंगाशिवाय.
माझं अक्षर एवढं वाकडं असेल असं वाटलं नव्हतं.
फोन बराच वेळ वाजला.
कोण?
गुजरीतनं पोतदार बोलतोय.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली, मग काहीच नाही.
म्हटलं, तो साज एकदा आणून दाखवाल का?
नाहीतर राहू दे, मीच येतो.
एसटीची पाटी वाचायला
डावा आहे अजून.